बोयाचा झेंडा कुठला?

2025 च्या जुलैत रेवदंड्याजवळ कोर्लईच्या समुद्रात तटरक्षक दलाच्या पडद्यावर एक संशयित बोट दिसली आणि अख्ख्या रायगडची झोप उडाली. चॅनेलवाल्यांनी तपासाआधीच तिला पाकिस्तानी ठरवलं. पुढे बातमी आली, ती बोट नव्हेच. पाकिस्तानी मच्छीमारांच्या जाळ्याचा वाहत आलेला बोया, म्हणजे जाळ्याची तरंगती खूण असावी. पूर्वी दर्यात न कळणारं काही दिसलं की चकवा म्हणायचे, आता ब्रेकिंग न्यूज म्हणतात.

असा बोया बोटीसारखा दिसतो तो त्यावर बसवलेल्या एआयएसमुळे, म्हणजे आपली ओळख आपोआप सांगणाऱ्या यंत्रामुळे. हा व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) रेडिओ मोठ्या जहाजांना सक्तीचा असतो. ‘मी अमुक, इथे आहे, असा चाललोय’ असं तो सारखा सांगत राहतो. गंमत पुढेच आहे. शेकडो जहाजं 161.975 आणि 162.025 मेगाहर्ट्झ या दोनच वाहिन्यांवर बोलतात, तरी सहसा गोंधळ होत नाही. मिनिटाचे 2250 तुकडे केलेले असतात, प्रत्येक सुमारे 26.67 मिलिसेकंदांचा. जीपीएसच्या वेळेमुळे सगळ्यांची घड्याळं एकच. प्रत्येक यंत्र आधी ऐकतं, रिकामा तुकडा धरतं आणि त्याच संदेशात ‘पुढच्या खेपेला अमुक तुकडा माझा’ असंही सांगून टाकतं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसंच, फक्त कंडक्टर नाही. गर्दी फारच झाली तर सर्वांत लांबच्या जहाजाच्या रुमालावर बसायचं. धडकेची भीती जवळच्यांची, लांबच्याचं न ऐकलं तरी चालतं!

पण रुमालावरचं नाव खरं की खोटं, हे कोणी तपासत नाही. ओळख म्हणजे नऊ आकडे. पहिले तीन देशाचे. भारताचे 419, पाकिस्तानचे 463. ते यंत्रात माणूसच भरतो.

आता कायदा. संयुक्त राष्ट्रांचा 1982 चा सागरी करार म्हणतो, जहाज ज्या देशाचा झेंडा लावतं त्या देशाचं, आणि त्यावर कप्तान हवा. बोयावर ना झेंडा, ना कप्तान. जहाज म्हणजे काय, याची व्याख्याच करारात नाही. 2019 मध्ये जागतिक रेडिओ परिषदेने अशा बोयांना 160.9 मेगाहर्ट्झ ही वेगळी वाहिनी दिली, म्हणजे रेडिओवाल्यांनी आपल्यापुरता प्रश्न सोडवला. सागरी करारानुसार किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत परक्या जहाजाला निरुपद्रवी मार्गक्रमणाचा, म्हणजे कुणाला धोका न देता पुढे निघून जाण्याचा हक्क असतो; मात्र कलम 18 प्रमाणे ते सलग आणि विनाविलंब हवं. बोया तर भरतीला आत येतो नि ओहोटीला बाहेर जातो.