दम वेगळा, उंचीची सवय वेगळी

पैसे भरून, मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली हिमालयातल्या सहा-सात हजार मीटरच्या शिखरावर जायचे ज्याने ठरवले आहे, असा किनारपट्टीवरचा मनुष्य भेटला की बोलणे ठरावीक वळणावर येते. तो रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या वाळूत रोज सकाळी पळत असतो, रसाळगड-सुमारगड-महिपतगड ही वाट त्याने पाठीवर सामान घेऊन केलेली असते आणि त्याचा दम खरोखरच चांगला असतो. त्यावरून तो निष्कर्ष काढतो की, आपल्याला उंचीचा त्रास होणार नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो इतक्या वेळा ऐकू येतो की आता नीट लिहून ठेवणे भाग आहे.

दमाविषयी फार सांगण्याचे कारण नाही, कारण वाचकाला तो ठाऊक आहे. हृदय, फुप्फुसे आणि पायांचे स्नायू यांना सराव दिला की ते अधिक काम अधिक वेळ करतात. शिखराच्या दिवशी मध्यरात्री निघून दहा-बारा तास आणि कधी त्याहूनही जास्त चालावे लागते, जड बूट आणि त्यांखाली बर्फात रुतणारे लोखंडी काटे, म्हणजे क्रॅम्पॉन, घालून चढावे लागते आणि मग तेवढेच उतरावे लागते. त्यासाठी दम लागतोच. माझ्या मते सपाट किनाऱ्यावर पळण्यापेक्षा पाठीवर पंधरा किलो घेऊन गडाच्या पायऱ्या चढणे-उतरणे अधिक उपयोगाचे, आणि चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव अधिक महत्त्वाचा. पण एवढ्यावर हा विषय संपतो.

उंचीची सवय ही गोष्टच निराळी आहे. हवेतल्या प्राणवायूचे प्रमाण किनाऱ्यावर आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर सारखेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. सुमारे ५,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा भरतो आणि ८,८४८ मीटरवर साधारण एक तृतीयांश उरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर आत येणारा प्राणवायूच घटलेला असतो. दम म्हणजे मोठे जाळे म्हटले, तर इथे पाण्यात मासळीच कमी झालेली असते. जाळे मोठे आहे म्हणून ती वाढत नाही.

या टंचाईला शरीर जे उत्तर देते ते टप्प्याटप्प्याने येते, आणि त्यातला कोणताही टप्पा रत्नागिरीत बसून उरकता येत नाही. पहिल्या काही तासांतच श्वास जलद आणि खोल होऊ लागतो. त्यामुळे कर्बद्विप्राणील वायू (कार्बन डायऑक्साइड) जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी बनते, आणि मग हेच बदललेले रक्त श्वासाला मागे ओढते. ही ओढाताण सर्वांत स्पष्ट दिसते ती रात्री. वर पोहोचल्यावरच्या पहिल्या काही रात्री तंबूतल्या सोबत्याचा श्वास हळूहळू मोठा होत जातो, मग लहान होत होत चक्क थांबतो, आणि दहा-पंधरा सेकंदांनी तो दचकून हवा ओढतो. नवखा मनुष्य हे ऐकून घाबरतो. ते सहसा धोक्याचे नसते. पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडे रक्तातला बायकार्बोनेट हा अल्कधर्मी घटक बाहेर टाकतात, तेव्हा कुठे श्वास मोकळेपणाने वाढू शकतो. या काळात लघवी जास्त होते, रक्तातला द्रव भाग कमी होतो आणि रक्त दाटते. नव्या तांबड्या पेशी तयार होण्याचे काम लगेच सुरू होत असले तरी त्यांची संख्या लक्षणीय वाढायला काही आठवडे जातात. हे सारे वेळेवर अवलंबून आहे, जोरावर नाही.

गोंधळाचे खरे मूळ असे की, दम असलेल्या माणसाला सुरुवातीला उंची जाणवतच नाही. बाकीचे धापा टाकत असताना तो पुढे निघून जातो, तंबू लावतो, चहा होईपर्यंत समोरच्या टेकाडावरही जाऊन येतो, आणि सायंकाळी त्याचेच डोके ठणकू लागते. शरीर जुळवून घेण्याआधी केलेले श्रम उंचीचा त्रास वाढवतात. धडधाकट मनुष्य असे श्रम करू शकतो म्हणून तो त्या त्रासाच्या वाटेवर जास्त वेगाने जातो. उत्तम दम असणाऱ्यांना तो कमी होतो असे खात्रीलायकपणे दिसून आलेले नाही. उलट बाजूही पाहावी. १९७८ मध्ये राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर यांनी कृत्रिम प्राणवायूशिवाय एव्हरेस्ट गाठले. पुढे कृत्रिम प्राणवायूशिवाय ८,५०० मीटरच्या वर गेलेल्या सहा गिर्यारोहकांची प्रयोगशाळेत तपासणी झाली, आणि तिचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चांगली होती, पण अव्वल लांब पल्ल्याच्या धावपटूंइतकी नव्हती. म्हणूनच, अमुक किलोमीटर अमुक मिनिटांत पळून दाखवा एवढीच अट घालणारा आयोजक तुमचा दम तपासतो. तुम्हाला उंची मानवेल की नाही, हे त्या चाचणीतून कळत नाही.

दुसरा फरक टिकण्याचा. दम घरून नेता येतो, उंचीची सवय घरी ठेवता येत नाही. खाली उतरून दोन-तीन आठवडे झाले की ती बहुतांशी ओसरते. त्यामुळे 'गेल्या वर्षी सहा हजार मीटर केले आहे' या वाक्याचा अर्थ एवढाच की, त्या उंचीवर आपले शरीर कसे वागते हे आपल्याला माहीत आहे. ही माहिती अतिशय मोलाची आहे आणि आयोजकाला ती प्रामाणिकपणे सांगावी, कारण पूर्वी झालेला त्रास हा पुढच्या त्रासाचा बऱ्यापैकी विश्वासार्ह इशारा असतो. सह्याद्रीत मात्र सवयही होत नाही आणि परीक्षाही होत नाही. त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो, आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटरवर संपते.

आता कापराविषयी. रुमालात कापराची वडी बांधून ती हुंगत चढणारे लोक पाहिले की मला राहवत नाही. कापराने नाकाला गारवा जाणवतो आणि श्वास मोकळा झाल्यासारखे वाटते, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. तोंडाला घट्ट मुखवटा बांधून जिना चढणारेही तसेच. त्या मुखवट्याने हवा ओढायला कष्ट पडतात, हवेचा दाब कमी होत नाही. घरी झोपण्यासाठी मिळणाऱ्या, आतला प्राणवायू खरोखर कमी करणाऱ्या तंबूंची गोष्ट वेगळी. ते काही प्रमाणात काम करतात, पण अनेक आठवडे रोज रात्री त्यात झोपावे लागते. २०२५ मध्ये चार ब्रिटिश गिर्यारोहक लंडनहून निघून आठवड्याच्या आत एव्हरेस्टवर पोहोचले, तेव्हा उंची लवकर मानवावी म्हणून त्यांनी हुंगलेल्या झेनॉन वायूचीच चर्चा झाली. आधी कित्येक आठवडे ते अशा तंबूंत झोपले होते, हे सांगणारे थोडे. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्सची गोळी, मूत्रपिंडांचे वर सांगितलेले काम लवकर सुरू करते आणि तिचा उपयोग सिद्ध झालेला आहे. मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर, ती घेऊ नये.

म्हणून मोहिमेत नाव घालताना दिवसांचा तक्ता मागवावा आणि त्यात शिखर कोणत्या तारखेला आहे हे पाहण्याआधी प्रत्येक रात्र किती उंचीवर काढायची आहे ते पाहावे. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम न हलवता काढावा, हा सर्वमान्य दंडक आहे. दिवसा यापेक्षा वर जाऊन खाली झोपायला येणे चालते, किंबहुना मोठ्या मोहिमा त्यावरच उभ्या असतात. नेपाळच्या बाजूने एव्हरेस्टला जाणारे ५,३६४ मीटरवरच्या तळावरून वरच्या छावण्यांपर्यंत चढून पुन्हा खाली येतात, आणि नंतरच शिखराकडे निघतात. आपल्याकडचा पहिल्यांदा जाणारा मनुष्य हे वर-खाली करणे वेळेचा अपव्यय समजतो आणि चार दिवस कमी असलेली, थोडी स्वस्त मोहीम निवडतो. तक्त्यातून कापलेले ते दिवस बहुधा सवयीचेच असतात. हवामानासाठी राखून ठेवलेले दिवस वेगळे मोजावेत. तेच दिवस दोन्हींसाठी दाखवणाऱ्या आयोजकाकडे मी जाणार नाही.

डोकेदुखी, मळमळ आणि भूक मंदावणे ही लक्षणे मार्गदर्शकापासून लपवू नयेत. चालताना तोल जाणे, बोलणे असंबद्ध होणे किंवा बसल्या जागी धाप लागणे ही त्यापुढची पायरी आहे. सरळ रेषेत टाचेला पंजा लावत चालता आले नाही, तर रात्र असो वा दिवस, त्या माणसाला खाली न्यावे लागते. बोटाला लावण्याच्या ऑक्सिमीटरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्याचा खेळ मात्र बंद करावा. गार बोटावर तो काहीही दाखवतो.

राहिला प्रवासाचा मार्ग. लडाखमधल्या ७,१३५ मीटरच्या नुन शिखराची वाट कारगिलहून सुरू नदीच्या खोऱ्यातून जाते. रत्नागिरीहून राजधानीने दिल्ली आणि तिथून विमानाने थेट लेह, हे सोयीचे वाटते, पण समुद्रकाठचा मनुष्य त्यामुळे दीड-दोन दिवसांत सुमारे ३,५०० मीटरवर जाऊन पडतो आणि तिथले पहिले दोन-तीन दिवस नुसते विश्रांतीत घालवावे लागतात. मनालीहून गाडीने जाताना सरचूला मुक्काम पडला तर ती रात्र सुमारे ४,३०० मीटरवर निघते, आणि ती याहूनही वाईट. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आणि कारगिल सुमारे २,७०० मीटरवर आहे. वाटेत झोजी ला ही खिंड ओलांडावी लागते, पण तिथे झोपावे लागत नाही. आयोजकाने पर्याय दिला, तर श्रीनगरमार्गे जावे.