गगनबावडा आणि शिरोळ एकाच पट्टीवर मोजायचे का?

पावसाळा लागला की कोल्हापुरात सकाळी चहाबरोबर दोन आकडे लागतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे, आणि रात्रीत पाऊस किती पडला. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथं शाळेतल्या पोराला पण पाठ असतंय. तालुकानिहाय पावसाचा तक्ता मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, आपण आपला तालुका तेवढा बघतो आणि पुढच्या ग्रुपवर ढकलतो. ह्यात कुणाचा दोष नाही. बारा तालुके, जून ते सप्टेंबर १२२ दिवस, म्हणजे जवळपास दीड हजार आकडे झाले, ते वाचून पावसाचा अंदाज कुणाला येणार?

म्हणून ग्राफ काढायचा. आणि हौसेनं काढायला बसलेला कुणीही आधी काय करतो, तर बाराच्या बारा तालुक्यांच्या रेघा एकाच चौकटीत ओढतो आणि प्रत्येकाला वेगळा रंग देतो. तीन-चार रेघा असत्या तर चाललं असतं, पण बारा झाल्या की शेवयांचा नुसता गुंता होतो. हिरवी रेघ भुदरगडची की पोपटी, आणि मग पोपटी कुणाची, असं करत नजर बाजूच्या रंगांच्या यादीकडं जाती, परत येती, तोवर कुठली रेघ बघत होतो तेच विसरायला होतं. त्यात ज्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्याच्यासाठी तर ग्राफच संपला.

यावर उपाय साधा आहे, प्रत्येक तालुक्याला स्वतःची छोटी चौकट द्यायची. तीन ओळी, ओळीत चार चौकटी, प्रत्येकीच्या डोक्यावर तालुक्याचं नाव, आत एकच रेघ. रंगांची भानगडच नको. एडवर्ड टफ्टी या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८३ च्या त्यांच्या पुस्तकात ह्या प्रकाराला ‘स्मॉल मल्टिपल्स’ म्हटलं, सॉफ्टवेअरवाले त्यालाच ‘फॅसेट’ किंवा ‘पॅनेल’ म्हणतात. आर ह्या आकडेवारीच्या संगणकभाषेत जीजीप्लॉट हे ग्राफ काढायचं पॅकेज वापरत असाल तर ‘फॅसेट रॅप’ ही एक ओळ लिहायची आणि तिला सांगायचं की तालुक्याप्रमाणं तुकडे कर, झालं. पायथन भाषेत सीबॉर्न हे पॅकेज हेच काम करतं. आरमधलं जुनं ‘लॅटिस’ पॅकेज तर आपल्याच भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या दीपायन सरकारांनी लिहिलेलं आहे.

एक अडचण मात्र सगळ्यांना येते. आपला डेटा एक्सेलमध्ये पसरट असतो, तारीख उभ्यात आणि बारा तालुके आडव्यात. सॉफ्टवेअरला तो उंच लागतो, म्हणजे तीनच कॉलम, तारीख, तालुका, पाऊस, आणि खाली दीड हजार ओळी. ‘तालुका’ हा स्वतंत्र कॉलम असल्याशिवाय तुकडे कशाचे पाडायचे हे त्याला कळणारच नाही. पाच मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक लोक इथंच कंटाळून सोडून देतात.

आता खरी मेख. पश्चिमेला घाटमाथ्यावरचा गगनबावडा, तिथं वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस. पूर्वेला शिरोळ, तिथं काही शे. दोघांना एकच उभी पट्टी, म्हणजे कडेचं मिलिमीटरचं माप, दिली तर गगनबावड्याची रेघ चौकटभर उड्या मारती आणि शिरोळची तळाला चिकटून झोपती, तिथं कधी पाऊस आला कधी उघडीप पडली काही दिसत नाही. मग माणूस ‘फ्री स्केल’ चालू करतो, म्हणजे ज्याची त्याची पट्टी ज्याच्या त्याच्या मापाची. लगेच सगळ्या चौकटी भरलेल्या, देखण्या दिसतात. आणि तिथंच घात होतो, कारण आता शिरोळचा ४० मिलिमीटरचा दिवस आणि गगनबावड्याचा ३०० चा दिवस सारख्याच उंचीचे दिसतात, आणि कडेचे बारीक आकडे किती जण वाचतात हो?

एक्सेलमध्ये तर हे न मागता होतं. तिथं अशा चौकटी पाडायची तयार सोय नाही, त्यामुळं लोक बारा चार्ट हातानं करून शेजारी शेजारी लावतात आणि प्रत्येक चार्ट आपली पट्टी आपणच ठरवतो. असे चार्ट मी सरकारी सादरीकरणांपासून कॉलेजच्या प्रोजेक्टपर्यंत सगळीकडं बघितलेत आणि बघणारे माना डोलावतात, कारण एका नजरेत बारा तालुक्यांत सारखाच पाऊस पडलेला दिसतो!

माझं मत विचाराल तर पट्टी एकच ठेवायची. शिरोळची रेघ झोपलेली दिसती, तर दिसू दे, तीच तर बातमी आहे. तुमचा प्रश्न ‘किती पाऊस’ हा नसून ‘कधी पाऊस’ हा असेल, म्हणजे कुठल्या तालुक्यात उघडीप कधी पडली, पेरणी कधी साधली, तेव्हा फ्री स्केल खुशाल वापरा, पण वरती ठळक लिहा की पट्ट्या वेगळ्या आहेत. आणि एक युक्ती करा, प्रत्येक चौकटीत ६४.५ मिलिमीटरवर एक आडवी तुटक रेघ मारा. हवामान खात्याच्या हिशोबात २४ तासात तेवढा पाऊस झाला की तो ‘मुसळधार’. पट्टी बदलली तरी ती रेघ कुठं खाली कुठं वर सरकलेली दिसती आणि डोळ्याला आपोआप अंदाज येतो.

आता चौकटींचा क्रम. सॉफ्टवेअरला काही सांगितलं नाही तर ते नावं इंग्रजी बाराखडीनं लावतं. आपल्या जिल्ह्यात त्याचा परिणाम भारी होतो, दुसऱ्या ओळीत गगनबावड्याला खेटून हातकणंगले, तिसऱ्या ओळीत शाहूवाडीला खेटून शिरोळ, म्हणजे चिंब आणि कोरडं आलटून पालटून, नकाशाचा पत्ताच नाही. तेच तालुके पश्चिमेकडून पूर्वेकडं लावले, किंवा एकूण पावसाच्या उतरत्या क्रमानं लावले, की सह्याद्रीची पर्जन्यछाया कागदावर पायऱ्या उतरल्यासारखी दिसती. डेटा तोच, फक्त क्रम बदलला.

ह्या क्रमावरून एक जुनं प्रकरण आठवतं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९३१ आणि १९३२ साली बार्लीचे, म्हणजे सातूचे प्रयोग झाले. सहा ठिकाणं, दहा वाण, दोन वर्षं, एकूण १२० आकडे, १९३४ साली छापून आले. संख्याशास्त्रातले बाप माणूस रोनाल्ड फिशर यांनी हे आकडे पुस्तकात वापरले, नंतर कितीतरी जणांनी गणितं घातली. मग बेल लॅब ह्या अमेरिकन संशोधन संस्थेतल्या विल्यम क्लीव्हलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच आकडे चौकटींत मांडले, प्रत्येक ठिकाणाला एक चौकट, आत दोन्ही वर्षांचे ठिपके, आणि क्रम बाराखडीनं नाही तर प्रत्येक ठिकाणच्या मधल्या (मीडियन) उत्पादनानं. पाच ठिकाणी १९३१ चं पीक जास्त आणि एकट्या मॉरिस गावात उलटं. क्लीव्हलँड म्हणाले, मॉरिसची दोन वर्षं लिहिताना अदलाबदल झाली असणार. साठ वर्षं आकडे सगळ्यांच्या डोळ्यासमोर होते आणि कुणाला दिसलं नव्हतं! पुढं २०१३ साली केव्हिन राइट यांनी आणखी वर्षांचे आकडे आणि हवामान तपासलं आणि म्हणाले की चूक झालीच असं नाही, असा फरक नैसर्गिकपणे पण पडू शकतो. म्हणजे चौकटींनी काय केलं, तर बोट दाखवलं. कारण शोधायचं काम शिल्लकच राहिलं.

ह्याच क्लीव्हलँडनी रॉबर्ट मॅकगिल यांच्याबरोबर १९८४ मध्ये माणसाचा डोळा काय अचूक वाचतो ते तपासलं होतं. एकाच पट्टीवरच्या जागा सगळ्यात नीट वाचता येतात, त्याखालोखाल वेगळ्या चौकटींतल्या पण सारख्या पट्ट्या, आणि रंगाची गडद-फिकट छटा पार शेवटाकडं. म्हणून उंची ताडायची असेल, कुठं जास्त कुठं कमी, तर चौकटी एका ओळीत शेजारी शेजारी ठेवा, आणि तारखा ताडायच्या असतील तर एकाखाली एक रचा. ही साधी गोष्ट बरेच जण विसरतात.

चौकटींचा तोटा पण आहे, की वेगळं केल्यावर शेजाऱ्याशी तुलना करायला डोळा उडी मारत बसतो. त्यावर मला आवडलेला उपाय म्हणजे प्रत्येक चौकटीत बाकीचे अकरा तालुके फिक्या राखाडी रंगात मागं ठेवायचे आणि त्या चौकटीचा मालक तेवढा गडद काढायचा. जीजीप्लॉटमध्ये हे करायला डेटाची एक कॉपी घ्यायची, तिच्यातलं ‘तालुका’ कॉलमचं नाव बदलायचं आणि आधी ती काढायची. चौकट कुठली ते त्याला समजत नाही म्हणून ते बिचारं ती कॉपी सगळ्याच चौकटींत काढतं, आपल्याला नेमकं तेच पाहिजे असतंय.

आता परत शिरोळ. पावसाच्या चौकटीत हा तालुका सगळ्यात शांत, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सगळ्यात हाल झालेल्यांपैकी हाच. शाहूवाडीकडून कासारी, गगनबावड्याकडून कुंभी, राधानगरीकडून भोगावती असं पाणी पंचगंगेत येतं, आणि पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते, शिरोळ तालुक्यातच. म्हणजे पाऊस पश्चिमेच्या चौकटींत आणि पाणी पूर्वेच्या गावांत, नुसत्या पावसाच्या बारा चौकटी कितीही सुंदर काढल्या तरी हे दिसायचं नाही. त्यासाठी गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी ह्या तीन चौकटी एकाखाली एक घ्यायच्या, सगळ्यात खाली राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी, ३९ आणि ४३ च्या दोन आडव्या रेघांसकट, आणि तारखांची पट्टी चौघींना एकच. वरचा पाऊस आणि खालचा फुगवटा यात किती तासांचं किंवा दिवसांचं अंतर पडतं ते मग सरळ खाली नजर टाकून मोजता येतं. इथं शेवटच्या चौकटीला उभी पट्टी वेगळी द्यावीच लागणार, वर मिलिमीटर आहेत आणि खाली फूट.