जमावबंदी

सार्वजनिक शांततेचा भंग होण्याचा संभव असताना लोकांनी एकत्र जमण्यास ठरावीक काळापुरती मनाई करणारा प्रशासकीय आदेश. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ख) ने नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला असून अनुच्छेद १९(३) अन्वये त्यावर केवळ वाजवी निर्बंध घालता येतात.

जमावबंदीचा आदेश काढण्याच्या अधिकाराचा उगम बडोदा संस्थानात झाला, असे मत प्रचलित आहे. परंतु १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ६२ मध्ये त्याचे आरंभीचे रूप आढळते आणि ही संहिता संस्थानी मुलखाला आपोआप लागू नव्हती, हे पाहता ते मत ग्राह्य वाटत नाही. ही तरतूद १८७२ च्या संहितेत कलम ५१८, तर १८८२ पासून कलम १४४ झाली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आहे. कलमात जमावाची संख्या दिलेलीच नाही. आदेशांत येणारा ‘पाच किंवा अधिक व्यक्ती’ हा आकडा बेकायदेशीर जमावाच्या व्याख्येवरून रूढ झाला असावा.

महाराष्ट्रात मात्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(३) चा आधार अधिक घेतला जातो. त्याखालील मनाई राज्य शासनाच्या मंजुरीविना १५ दिवसांपलीकडे चालत नाही. त्यामुळे मुंबईत असे आदेश पुनःपुन्हा निघतात आणि लग्नसमारंभ, अंत्ययात्रा, सहकारी संस्थांच्या सभा, चित्रपटगृहे इत्यादींना त्यांतून वगळलेले असते.

नागपूरच्या गिरणी कामगार संघटनांच्या वादातून उद्भवलेल्या बाबुलाल पराते खटल्यात (१९६१) सर्वोच्च न्यायालयाने कलम १४४ वैध ठरविले. हिंमतलाल शाह खटल्यात (१९७२) मात्र सार्वजनिक रस्त्यांवरील सभांना परवानगी देण्याचा पोलिसांचा अनिर्बंध अधिकार न्यायालयाने अमान्य केला. तो अधिकार देणारा नियम अहमदाबादचा असला, तरी मुंबई राज्याच्या याच १९५१ च्या अधिनियमाखालचा होता. अनुराधा भसीन निर्णयाने (२०२०) आदेशात कारणे नमूद करणे व तो प्रसिद्ध करणे आवश्यक ठरविले आणि केवळ पुनरावृत्तीसाठी काढलेले आदेश अधिकाराचा दुरुपयोग मानले. याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनाच्या काळात बीड जिल्ह्यात कलम ३७ खाली निघालेला आदेश रद्द केला. वारंवार निघणाऱ्या आदेशांबाबत ही अलीकडची भूमिका अधिक तर्कसंगत दिसते.

गोव्यात जमावबंदीसाठी कलम १६३ चा वापर होतो.