मुलगा आत असतानाच अठरा पूर्ण झाली तर?
आमच्या इंदूरच्या पक्षकारांसाठी माहितीपत्रक

मुलाला संप्रेक्षण गृहात, म्हणजे चौकशी चालू असताना अठराखालच्या मुलांना ठेवतात तिथे, ठेवलं की आईवडिलांच्या कानावर दोन गोष्टी हमखास येतात. कुणी म्हणतं, अठरा पूर्ण झाली की त्याला मोठ्या जेलात हलवतात. कुणी म्हणतं, अठरा झाली की किशोर न्याय बोर्डाचा (अठराखालच्या मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या मंडळाचा) अधिकार संपला, पोरगा सुटलाच समजा. राजवाड्यापासून सुदामा नगरपर्यंत दोन्ही सांगणारे भेटतील. दोघांचंही ऐकू नका.

कायदा वय बघतो ते घटनेच्या दिवशीचं. धरलं त्या दिवशीचं नाही आणि निकालाच्या दिवशीचंही नाही. समजा, मुलाचा जन्म 3 ऑगस्ट 2007 चा. मारामारी झाली 30 जुलै 2025 ला आणि पोलिसांनी उचललं 20 ऑगस्टला. दिसायला तो चांगला दाढीमिशीवाला असेल, पण घटनेच्या दिवशी अठराला चार दिवस कमी होते. म्हणून प्रकरण किशोर न्याय बोर्डापुढेच चालणार. जामीन झाला नाही तर त्याला ‘सुरक्षित स्थानी’ ठेवायचं असतं, ज्याला कोर्टात सगळे प्लेस ऑफ सेफ्टी म्हणतात. पोलीस कोठडी किंवा तुरुंग म्हणजे सुरक्षित स्थान नव्हे, हे कायद्यातच लिहिलंय.

चौकशी चालू असताना अठरा पूर्ण झाली, तरी किशोर न्याय कायदा 2015 चं कलम 5 सांगतं की चौकशी पुढे चालू ठेवता येते आणि तो अजून मूलच आहे असं धरून आदेश देता येतो. बोर्ड विशेष गृहात, म्हणजे गुन्हा सिद्ध झालेल्या मुलांच्या सुधारगृहात, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी पाठवू शकतं. सतरा संपताना आदेश झाला, तर जवळपास एकविसाव्या वर्षापर्यंत तो त्याच व्यवस्थेत राहू शकतो. मधल्या वाढदिवसाने ना आदेश रद्द होतो, ना कडक होतो.

किमान शिक्षा सात वर्षं किंवा त्याहून जास्त असलेल्या गुन्ह्यांना कायदा ‘जघन्य’ म्हणतो. अशा गुन्ह्यात घटनेच्या दिवशी मुलगा सोळा ते अठराच्या मधला असेल, तर बोर्ड आधी प्राथमिक मूल्यांकन करतं: त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणामांची समज, घटनेची परिस्थिती. त्यानंतर खटला बालन्यायालयाकडे, म्हणजे मुलांचे खटले चालवणाऱ्या सत्र पातळीच्या कोर्टाकडे, जाऊ शकतो. हा आदेश मान्य नसेल तर अपिलाला 30 दिवस असतात. ‘बघू पुढच्या तारखेला’ म्हणत हे दिवस घालवणारी कुटुंबं आम्ही पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

आमच्या मते खरी रेषा अठराची नाही, एकविसाची आहे. बालन्यायालयाने लांब मुदतीची शिक्षा दिली तरी एकविसाव्या वर्षापर्यंत मुलगा सुरक्षित स्थानीच राहतो. तोवर मुदत संपलेली नसेल, तर तो सुधारला का, समाजात नीट वावरू शकेल का, हे न्यायालय पाहतं. मग एकतर उरलेल्या मुदतीसाठी अटी घालून, देखरेखीखाली सोडतं, नाहीतर उरलेली शिक्षा भोगायला तुरुंगात पाठवतं. फाशी, किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप मात्र देता येत नाही.

हा निर्णय वकिलाच्या भाषणावर फारसा ठरत नाही. तो ठरतो प्रोबेशन अधिकाऱ्यांच्या अहवालांवर आणि मुलाच्या प्रगतीच्या नोंदींवर. दहावीची परीक्षा दिली का, आत वायरिंग किंवा शिवणकाम शिकला का, समुपदेशनाला बसला का, घरचे भेटीला येत होते का. पहिली दोन वर्षं कुणी फिरकायचं नाही आणि एकविसावं जवळ आलं की धावपळ करायची, असं करू नका. प्रमाणपत्राची झेरॉक्स मिळाली की लगेच आमच्या फायलीत लावा. बाहेर आल्यावर काम कुठे मिळेल, राहणार कुणाकडे, याचंही उत्तर तयार हवं. काकांच्या दुकानात बसणार असेल तर काकांचं तसं पत्र घ्या.

वय कशावरून ठरतं?

शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीची अंकसूची पहिली. ती नसेल तर नगर निगमचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आजोबांनी शाळेत नाव घालताना सोयीने जूनची तारीख सांगितली असेल, तर आता तीच आडवी येते किंवा कामी येते. ऑक्टोबर 2024 मध्ये, अपघात भरपाईच्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं सांगितलं, तेव्हा फक्त आधार घेऊन येऊ नका. घटनेच्या वेळी मुलगा अठराच्या आत होता, हा मुद्दा कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो. निकाल लागून गेल्यावरसुद्धा.

मुलाचं नाव, फोटो, शाळा नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. ओळख उघड करणं कलम 74 खाली गुन्हा आहे आणि त्यातून घरच्यांना सूट नाही.

वकिलांना जाहिरात करता येत नाही आणि हे पत्रक जाहिरात नाही. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून मुलाला मोफत वकील मिळतो. फी जमत नसेल तर आधी तिथे जा. आमच्याकडे येणार असाल तर शाळेच्या दाखल्याची मूळ प्रत, एफआयआरची नक्कल आणि बोर्डाचे आतापर्यंतचे सगळे आदेश सोबत आणा. मुलाला यायची गरज नाही, पण शक्यतो आई आणि वडील दोघेही या.