महाविद्यालयीन फुटबॉल हंगामातील चाहत्यांच्या अपेक्षा

अमेरिकेत विद्यापीठांच्या संघांमध्ये होणाऱ्या अमेरिकन फुटबॉलच्या हंगामात आपला संघ किती सामने जिंकेल, कोणाला हरवेल आणि कुठवर मजल मारेल, याचा चाहते मनाशी एक हिशेब बांधून असतात. त्या हिशेबाचा येथे विचार केला आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळण्याचा आणि फेकण्याचा हा खेळ ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो. नोव्हेंबर संपेपर्यंत प्रत्येक संघाचे साधारण १२ सामने होतात, तेही बहुतेक शनिवारी. सामने इतके मोजके असल्यामुळे एकेक पराभव जिव्हारी लागतो.

चाहत्यांत आजी-माजी विद्यार्थी असतातच. पण नेब्रास्का किंवा अलाबामासारख्या, मोठा व्यावसायिक फुटबॉल संघ नसलेल्या राज्यांत विद्यापीठाची पायरीही न चढलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्याच संघाला आपला मानतात. नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन येथील मेमोरियल स्टेडियमची तिकिटे १९६२पासून प्रत्येक सामन्याला संपत आली आहेत. संघाच्या पडत्या काळातही हे थांबलेले नाही.

अपेक्षांना आकडा मिळतो तो क्रमवारीमुळे. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६पासून पत्रकारांच्या मतांवर संघांची क्रमवारी लावते, आणि १९५०पासून ती हंगाम सुरू होण्याआधीही जाहीर होते. संघ मैदानात उतरलेलाही नसतो, तोवर चाहत्यांच्या मनात मापदंड पक्का झालेला असतो. २००७ साली पाचव्या क्रमांकावरचा मिशिगनचा संघ पहिल्याच सामन्यात, घरच्या मैदानावर, खालच्या श्रेणीतल्या ॲपलाचियन स्टेटकडून ३२–३४ असा हरला. २०२४मध्ये फ्लोरिडा स्टेटने हंगाम दहाव्या क्रमांकावरून सुरू केला आणि १२पैकी फक्त दोन सामने जिंकले.

क्रमवारीपेक्षाही जुना मापदंड म्हणजे प्रतिस्पर्धी. याचे सर्वांत ठळक उदाहरण ओहायो स्टेट आणि मिशिगन यांचे आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस होणाऱ्या त्यांच्या सामन्याच्या आठवड्यात कोलंबस येथील ओहायो स्टेटच्या आवारात फलकांवरच्या इंग्रजी ‘एम’ अक्षरावर लाल पट्ट्यांची फुली मारली जाते. मिशिगनला हरवले की संघातल्या खेळाडूंना सोनेरी पँटच्या आकाराचे इवलेसे पदक मिळते. ही प्रथा १९३४पासूनची. ‘तेही आपल्यासारखेच एकेक पाय घालून पँट चढवतात’, अशा अर्थाच्या तेव्हाच्या प्रशिक्षकांच्या, फ्रान्सिस श्मिट यांच्या, उद्गारातून ती निघाली. या सामन्याने प्रशिक्षकांचे नशीब ठरते. जॉन कूपर यांनी १९८८ ते २००० या काळात ओहायो स्टेटला १११ सामने जिंकून दिले, पण मिशिगनविरुद्ध १३पैकी दोनच. अखेर त्यांना जावे लागले, आणि चाहते त्यांना आजही त्या दोनाच्या आकड्यानेच ओळखतात.

२०२४च्या हंगामाने तर हा हिशेब पूर्ण उघडा पाडला. ३० नोव्हेंबरला दुसऱ्या क्रमांकावरच्या ओहायो स्टेटला तोवर ११पैकी पाच सामने गमावलेल्या मिशिगनने कोलंबसमध्येच १३–१० असे हरवले. मिशिगनकडून लागोपाठ चौथी हार. मुख्य प्रशिक्षक रायन डे यांना काढा, अशी मागणी त्याच दिवसापासून सुरू झाली. संघाचे १२पैकी १० विजय कोणाच्या खिजगणतीत नव्हते. त्याच वर्षी त्याच बिग टेन कॉन्फरन्समध्ये (कॉन्फरन्स म्हणजे आपसात स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) इंडियाना विद्यापीठाने ११ सामने जिंकले होते. आधीच्या वर्षी तीनच जिंकलेल्या आणि संपूर्ण इतिहासात कधीही एका हंगामात दहाचा आकडा न गाठलेल्या त्या संघाच्या गावात, ब्लूमिंग्टनमध्ये, आनंदीआनंद होता. विजयांत फरक फक्त एकाचा. कोलंबसमध्ये मात्र सुतक.

पुढे ओहायो स्टेटने टेनेसी, ऑरेगन आणि टेक्सास यांना हरवून २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटात नोत्र डेमवर ३४–२३ अशी मात केली आणि राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. प्लेऑफमध्ये (हंगामाअखेर राष्ट्रीय विजेतेपदासाठी होणाऱ्या बाद फेरीत) चारऐवजी १२ संघ घेण्याची पद्धत त्याच हंगामात सुरू झाली होती म्हणून हे शक्य झाले. जुन्या पद्धतीत, मिशिगनकडून हरल्यावर सहाव्या क्रमांकावर घसरलेल्या या संघाला दारही उघडले नसते. तरीही मिशिगनचा सल पूर्ण गेला नाही. विजेतेपदाच्या आनंदाबरोबरच ‘पण मिशिगनला कधी हरवणार?’ हा प्रश्न कायम राहिला. त्याला उत्तर पुढच्या नोव्हेंबरात, २७–९ अशा विजयाने मिळाले.

अपेक्षांची किंमत पैशांतही मोजावी लागते. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३मध्ये प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना करार संपण्याआधी काढले, आणि त्यापोटी त्यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे लागले. नेब्रास्काने २००३मध्ये १२पैकी नऊ सामने जिंकून देणाऱ्या फ्रँक सोलिच यांना हटवले. त्या संघाला त्यानंतर आजवर कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळालेले नाही. नऊ विजय पुरेसे नाहीत असे ठरवणाऱ्यांनी त्या नऊंचे मोल ओळखले नाही, असे म्हणणे भाग आहे.

चाहता संघाशी स्वतःला किती जोडून घेतो, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. सात विद्यापीठांत सोमवारी वर्गात कोण काय घालून येते, हे त्यांनी नोंदवले. शनिवारी संघ जिंकला असेल तर विद्यापीठाचे नाव किंवा चिन्ह असलेले कपडे जास्त दिसत. फोनवर विचारल्यावर विद्यार्थी विजयाबद्दल ‘आम्ही जिंकलो’ असे सांगत, पराभवाबद्दल बोलताना ‘आम्ही’ गळून पडण्याकडे कल असे.

खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा २०२१मध्ये मिळाली. त्याच वर्षापासून विद्यापीठ बदलले तरी एकदा लगेच खेळता येऊ लागले. २०२५पासून विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ शकतात. संघ दोन हंगामांच्या मधल्या काळात नव्याने उभा करता येतो म्हटल्यावर ‘वाट पाहा, पोरे तयार होताहेत’ हे प्रशिक्षकाचे जुने उत्तर चाहते आता ऐकून घेत नाहीत. पूर्वी फक्त प्रशिक्षकावर निघणारा राग आता एकोणीस-वीस वर्षांच्या क्वार्टरबॅकवरही (चेंडू फेकून संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूवरही) निघतो, आणि त्याला किती पैसे मिळतात याचा उल्लेख त्यात हमखास असतो.