घाटातला झरा खरंच गाळून येतो का?

पावसाळा सरत आला की आंबेनळी घाटात किंवा आंबोलीच्या वळणांवर कड्यातून फुटलेल्या पाण्यापाशी गाड्या थांबतात. फटीत कुणीतरी पाइपचा तुकडा खोचून पन्हळ केलेली असते, खाली कॅन आणि बाटल्यांची रांग. ‘डोंगरातून गाळून आलेलं पाणी आहे, बाटलीबंद याच्यापुढे झक मारतं!’ हे वाक्य तिथे हमखास ऐकू येतं. पाणी डोंगरातून आलं हे खरंच. ते गाळलं गेलं का, हे मात्र डोंगर कशाचा आहे त्यावर ठरतं.

आपला सह्याद्री लाव्हाचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तो पुन्हापुन्हा बाहेर आला, पसरला, थिजला, आणि चिरोट्यासारखे थर चढत गेले. (त्यातल्या थरांच्या एका गटाला भूशास्त्रात ‘आंबेनळी’ असंच नाव आहे, याच घाटावरून.) दोन उद्रेकांच्या मध्ये कधीकधी मोठा खंड पडे. तेवढ्या काळात खालच्या थराचा माथा ऊनपावसाने झिजे, त्यातलं लोह गंजे, खडकाची चिकणमाती होई. मग तिच्यावर नवा लाव्हा येई आणि ती भाजून निघे. घाटरस्त्याच्या कापलेल्या बाजूला काळ्या कातळांच्या मध्ये जो तांबडा पट्टा दिसतो, तो हाच. भूशास्त्रज्ञ त्याला ‘रेड बोल’ म्हणतात. पुढच्या वेळी झऱ्यापाशी थांबलात तर पाण्याच्या जरा खाली बघा, बऱ्याचदा हा पट्टा सापडेल.

पाणी नेमकं तिथेच का फुटतं? इथे एक गंमत आहे. चिकणमातीत पोकळी भरपूर असते, घट्ट बेसॉल्टपेक्षा (म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या त्या काळ्या कातळापेक्षा) कितीतरी जास्त. तरीही चिकणमाती पाणी अडवते आणि बेसॉल्ट वाट देतो. कारण पोकळी एकूण किती याला फारसा अर्थ नाही. एकेक छिद्र किती मोठं, यावर सगळं अवलंबून.

एका बारीक नळीतून पाणी जातंय असं समजा. नळीचा व्यास एक दशांश केला तर तिच्यातून जाणारं पाणी दहापट नव्हे, दहा हजार पटींनी घटतं, कारण प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. आता तेवढ्याच जागेत अशा शंभर बारीक नळ्या बसवा, म्हणजे पोकळी पूर्वीइतकीच झाली. तरी एकूण पाणी शंभरावा भागच. व्यास हजारावा भाग केला, म्हणजे मिलिमीटरवरून मायक्रॉनवर आलो, तर पोकळी तेवढीच ठेवूनही पाणी दहा लाखावा भाग उरतं. चिकणमातीतली छिद्रं याहूनही बारीक असतात. त्यात तिच्यातली काही खनिजं भिजली की फुगतात, उरलीसुरली वाटही बंद.

बेसॉल्टचं उलटं. लाव्हा थिजताना आकसतो आणि उभ्या भेगा पडतात. भेगेला नियम घनाचा लागतो: रुंदी दुप्पट झाली की पाणी आठपट. म्हणून पठारावर पडलेला पाऊस भेगाभेगांतून खाली उतरतो, तांबड्या पट्ट्यावर अडतो, आडवा सरकतो आणि जिथे डोंगराची बाजू उघडी पडलेली असेल तिथे बाहेर येतो. घाटात ही बाजू पुष्कळदा रस्ता खोदणाऱ्यांनीच उघडी केलेली असते. म्हणजे काही ‘नैसर्गिक’ झरे सुरुंगाने जन्माला आलेले आहेत!

आता गाळण्याकडे येऊ. आतड्यातले जिवाणू एकदोन मायक्रॉनचे. अर्ध्या मिलिमीटरच्या भेगेतून ते शेकड्यांनी शेजारीशेजारी चालत येतील. वाळूच्या जाड थरातून पाणी हळूहळू झिरपलं तर ते बऱ्यापैकी गाळलं जातं, पण उघड्या भेगेत गाळायला असतंच काय? झऱ्याला जोर देणारी भेगच त्याच्या शुद्धतेच्या आड येते. वर पठारावर गुरं चरत असतील किंवा एखाद्या हॉटेलचा शोषखड्डा असेल, तर तिथलं सगळं त्याच वाटेने खाली येणार. जोरदार सरीनंतर काही तासांत झरा गढूळला किंवा एकदम वाढला, तर वाट मोकळी आहे असं समजावं. वर्षभर एकाच धारेने, एकाच तापमानाला वाहणारा झरा त्यातल्या त्यात बरा, पण ‘बरा’ इतकंच.

काही उत्साही मंडळी तिथेच टीडीएसचं पेन बुडवून ‘फक्त ऐंशी!’ असं जाहीर करतात. ते पेन पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. जंतूंबद्दल ते काहीच सांगत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू एकही सापडता कामा नये, आणि त्यासाठी पाणी प्रयोगशाळेतच द्यावं लागतं. गावपातळीवर एच-टू-एसची बाटली वापरतात: नमुना भरून ठेवायचा, एकदोन दिवसांत काळा पडला तर विष्ठेचा संसर्ग असण्याची दाट शक्यता.

श्रद्धेने तरी हे चुकतं का? राजापूरची गंगा अधूनमधून अवतरते आणि लोक कुंडांत स्नान करून तेच पाणी बाटल्यांत भरून नेतात. काशीची गंगा कोकणात भुयाराने येत नाही. जमिनीखालची पोकळी एका उंचीपर्यंत भरली की सायफनसारखी रिकामी होते, असं स्पष्टीकरण अभ्यासक देतात. नाव कोणतंही असो, शेकडो लोक उतरलेल्या कुंडातलं पाणी तीर्थ म्हणून कपाळाला लावावं, पोटात घेऊ नये.

झऱ्याचं पाणी आणलंच तर खळखळून उकळी फुटल्यावर निदान मिनिटभर उकळत ठेवा. महाबळेश्वरच्या उंचीवर ते ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, पण जंतूंना तेवढं पुरतं.