कायद्याचं राज्य आणि साम्राज्यशाही लूट (नागपूर)

कायद्याचं राज्य म्हणजे राज्यकर्ताही कायद्याला बांधलेला असतो, ही व्याख्या सगळ्यांनाच ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. नागपूरपुरता प्रश्न एवढाच की ईस्ट इंडिया कंपनीने भोसल्यांचं राज्य नेमकं कुठल्या कायद्याने घेतलं.

नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ ला वारले. मुलगा नव्हता, हयातीत दत्तकही घेतलेला नव्हता, मग राण्यांनी यशवंतराव अहिरराव यांना दत्तक घेतलं (हेच पुढचे जानोजी भोसले), पण गव्हर्नर जनरल डलहौसीने ते मानलंच नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा. त्याचं म्हणणं असं की आधीचे राजे आप्पासाहेब यांना गादीवरून काढल्यावर १८१८ ला हे राज्य कंपनीनेच दिलं, म्हणजे आश्रित, वारस नसेल तर परत आमच्याकडे. उलट बाजू म्हणते की कंपनी आणि रघुजींचा १८२६ चा तह दोन सरकारांमधला होता, आणि महाराष्ट्राकडच्या धर्मशास्त्राच्या परंपरेत विधवेला नवऱ्याच्या परवानगीशिवायही दत्तक घेता येतो, बंगालसारखी अट इथे नाही. आता घरच्या मालमत्तेचा हा नियम गादीला लावायचा का, हा वाद राहतोच. तरी दुसरी बाजू जास्त पटते, कारण नागपूर दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी (रेसिडेंट) मॅन्सेल आणि गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातला जॉन लो, दोघेही कंपनीचीच माणसं, खालसा करण्याच्या विरोधात होती. डलहौसीच्या कारणांमध्ये इथला कापूसही होताच, ते त्याने लपवलं नाही.

महाल भागातल्या भोसल्यांच्या वाड्यावरची जप्ती वेगळीच. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात मातीमोल गेले, दागिने कलकत्त्याला पाठवून विकले. दाद मागायची कुठे? तंजावरच्या राणीच्या अशाच जप्तीवरच्या दाव्यात १८५९ ला प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधलं शेवटचं अपिलाचं कोर्ट) सांगून टाकलं की ही 'राज्यकृती' आहे, कोर्टाला त्यात हात घालता येत नाही. म्हणजे लूट होताना कायदा दाराबाहेर, आणि एकदा ताबा मिळाला की तोच कायदा पहारेकरी.

१८६१ ला मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी. मराठ्यांच्या काळात जो सारा गोळा करून द्यायचा त्या मालगुजाराला इंग्रजांच्या जमीन महसुलाच्या बंदोबस्तात गावाची मालकी मिळाली आणि कुळं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसली. १८७८ च्या जंगल कायद्याने गोंडांचं सरपणसुद्धा परवानगीचा विषय झालं. जानोजींना पुढे 'देऊरचे राजेबहादूर' हा किताब मिळाला. राज्य नाही. मालगुजारी मात्र १९५१ पर्यंत टिकली.